तिसऱ्या गाण्यातला खोकला

वाल्दिव्हियात पाऊस कुणी मोजत नाही.
भट्टी पेटवायला मी पहाटे तीनला निघते तेव्हा
नदी आणि रस्ता यांत फरक एवढाच
की नदीला खांब नसतात.

यर्कोने कॅसेट दिली ती दोन पावांच्या बदल्यात.
बोटींची इंजिनं दुरुस्त करतो तो; नखांत कायमचं ग्रीस,
कव्हरवरही त्याच ग्रीसचा अंगठा.
बँडचं नाव : ओले मोजे.
साठ प्रती काढलेल्या, म्हणाला,
एकोणीस खपल्या, बाकीच्या उंदरांनी ऐकल्या.

पहिलं गाणं यथातथाच.
दुसऱ्यात गिटार उशिरा पोचते,
आणि माफीही मागत नाही.
तिसऱ्यात ती बाई एका शब्दावर थांबते,
शब्द साधाच, 'सरपण',
आणि त्या थांबण्यात
मागे कुणीतरी खोकतं.
कोरडं, दोनदा. मग बादली सरकते.
मग ती पुढे गाते, परवानगी मिळाल्यासारखी.

माझे हात पिठात तसेच राहिले.

आठ महिने या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही.
लोकांकडे गाड्या होत्या, कुणाकडे तबेल्यात दोन घोडे,
माझ्याकडे साठांतली एक कॅसेट.
बसथांब्यावर एकेकाचा चेहरा बघायचे :
तुम्हाला माहीत नाही.
तुम्हाला कुणालाच माहीत नाही.
अशी माझी श्रीमंती.

मग शेजारची ओरिएता आंबवण मागायला आली,
घरी पाव करायचा म्हणून, वाटीभर.
दिलं. दुसऱ्या दिवशी बरणी पुन्हा काठोकाठ.
चौदा वर्षं हे बघतेय मी,
तरी त्या दिवशी बरणीसमोर जरा जास्त वेळ उभी राहिले.
संध्याकाळी कॅसेटही दिली.
देताना हात आखडला; तिला दिसलं असणार.

ओरिएताने प्रत काढली नर्स बहिणीसाठी,
बहिणीने रात्रपाळीच्या ड्रायव्हरसाठी,
त्याची प्रत कोरालच्या फेरीबोटीवर वाजू लागली.
प्रतीची प्रत, तिचीही प्रत,
ताकात पाणी, पाण्यात पाणी,
गिटार पातळ होत गेली, खरखर दाट.
आवाज खंगला,
खोकला मात्र ठणठणीत.

मासळीबाजारात, जिथे सी-लायन
माशांच्या फेकल्या मुंडक्यांवरून भांडतात,
एक पोरगा खवले काढता काढता गुणगुणत होता.
'सरपण'वर थांबला. दोनदा खोकला. पुढे निघाला.
आधी राग आला, सांगून टाकते,
घरात कुणी चिखलाच्या बुटांनी शिरावं तसा.
मग त्याच्याकडून गरज नसताना दोन मासे घेतले.

ती सापडली यर्कोलाच. नायादेत ओयार्सो.
लांबच्या एका गावात भूगोल शिकवते.
अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये आम्ही एकतीस जण,
खुंट्यांवर ठिबकणारे कोट.
तिला वाटलं होतं पाच येतील,
त्यांतला एक हॉलचा रखवालदार.

तिसरं गाणं. 'सरपण'. थांबली.
आणि आम्ही एकतीस जण खोकलो.
कुणी ठरवलं नव्हतं. कोरडं, दोनदा.
मागे कुणीतरी गळतीखालची बादलीसुद्धा सरकवली.

तिचा हात तारांवर तसाच.
'कोण होतं?' ओरिएताने विचारलं,
इतकं हळू की मला वाटलं मीच विचारलं.

'तेओदुलिंदो,' ती म्हणाली. 'शेड त्याची होती.
छप्पर गळायचं, आणि बादली तोच हलवायचा.
मी ओरडले त्याच्यावर, सगळं बिघडवलंस म्हणून.
पुन्हा घ्यायला टेप उरली नव्हती.'

तो आता कुठे असतो हे तिने सांगितलं नाही.
आम्हीही विचारलं नाही.

'पहिल्यापासून घेऊ,' म्हणाली.
'सरपण'पाशी आली, थांबली, आमच्याकडे बघत राहिली,
आणि या खेपेला
कुणालाच खोकता येईना.

फक्त छपरातून पाणी पडत होतं,
बादलीच्या जरा बाजूला.