धरणारे

हार्ड डिस्क भरली म्हणून बसलो.
अठरा हजार सहाशे बेचाळीस फोटो,
त्यातले निम्मे चादरींचे.
नायना मागावरून उतरलेली प्रत्येक चादर टिपायचे,
गुंटूरच्या, इंदूरच्या व्यापाऱ्याला पाठवायला,
एकीचे सात-सात,
कारण एकात तरी त्यांचं बोट मध्ये यायचं नाही.

भाचीनं एक प्रोग्रॅम टाकून दिला.
रात्रभर चालला. मे महिन्यातलं सोलापूर,
पंखा गरम हवाच इकडची तिकडे करत होता.
सकाळी तयार: सारख्याला सारखे लावून,
कडेला टक्के. अठ्ठ्याण्णव. सत्त्याण्णव.
आणि विचारतोय, कुठला ठेवू?

पहिले दोनशे मी न बघताच उडवले.

मग चहा सांडला. माऊस पुसायला थांबलो
तर डोळा चादरीच्या कडेवर गेला.

चादर काही आपोआप हवेत उभी राहत नाही.
तिला दोघं लागतात, टोकं धरून, हात ताणून,
तिच्यामागे पूर्ण झाकलेली.
वर बोटं. खाली चार पावलं.

अठ्ठ्याण्णव टक्के सारख्या दोन फोटोंत
मोर तेच, किनार तीच, तोच विटकरी रंग,
आणि उजवीकडे एकात इरण्णा कोंगारी,
अंगठ्याचं नख काळं, धोट्यानं फुटलेलं;
दुसऱ्यात कुणी पोरगा, नाव आठवत नाही,
दोन महिने होता, भिवंडीला गेला.
पायांत दोन वेगवेगळ्या चपला.

प्रोग्रॅमचं चुकलं नाही. त्याला चादर दाखवली,
त्यानं चादर पाहिली.

मी मग उलटं लावायला घेतलं,
मोर सोडून, बोटांवरून.
हिरव्या बांगड्या: अम्मा. दिवाळीची घाई, माणूस मिळेना.
तंबाखूनं पिवळी पडलेली नखं: शेजारची राजव्वा,
विड्यांचं सूप बाजूला ठेवून आलेली.
शाळेचे काळे बूट, एकाची लेस सुटलेली:
हा मी. माझ्या बाजूनं चादर खाली आलीय
आणि नायना ओरडतायत, "वर धर बे, वर."

एका घोळक्यात नुसते हललेले.
प्रोग्रॅम म्हणतो, दर्जा कमी, काढून टाका.
डावीकडच्या मनगटावर घड्याळ, डायल आतल्या बाजूला.
म्हणजे धरणारे नायना.
म्हणजे टिपणारी अम्मा,
बटण दाबताना सगळ्या अंगानं दाबणारी.
ते ठेवले. सातच्या सात, हललेले.

नायनांना बोलावलं. कपाळावरचा चष्मा खाली घेऊन
त्यांनी स्क्रीनला नाक लावलं.
"तीनशे बारा नंबर," म्हणाले. "मोराची मान जाड आली.
जेकार्डच्या एका कार्डाला भोक जास्त पडलं होतं.
गुंटूरनं अख्खी गाठ परत पाठवली."
बोटांकडे बघितलंच नाही.
पुढचा. "हाही तीनशे बारा. दुरुस्तीनंतरचा."
ह्या जोडीला प्रोग्रॅमनं नव्याण्णव दिले होते.

शेवटचा घोळका माग विकले त्या वर्षीचा.
चादर ताठ, एक सुरकुती नाही, फोटो अगदी स्वच्छ.
वर बोटं नाहीत.
खाली पाय नाहीत, फरशी.
भिंतीत दोन खिळे.

"ह्यातला कुठला ठेवू?" मी विचारलं.

नायना बराच वेळ बघत राहिले.
"डावा खिळा पाव इंच खाली गेलाय," म्हणाले,
"तेव्हाच दिसलं होतं मला."