छत्तीसचा आकडा

बर्डीवर ठवकरच्या दुकानात
कागदाच्या पुडीत बांधून मिळाला, फुटाण्यांसारखा.
नव्वद सांगितले, ऐंशी दिले.
"पाहून घ्या ताई, वापस नाही होत,"
म्हणत ठवकर पुन्हा पंख्याखाली.

घरी पुडी सोडली.
काडेपेटीहून लहान हिरवी पाटी,
तीन पाय, दोन केशरी स्क्रू
(एक किती लांबचं कळावं याचा,
दुसरा किती वेळ आठवण ठेवायची याचा)
आणि वर पांढरी टोपी, मोहोळासारखी घरं पडलेली,
माशीचा डोळा कुणी मोठा करून वाळत घातलाय जणू.

हा बघत नाही, हे आधी समजून घ्यावं लागतं.
चेहरा, चोर, पाहुणा, याला काही ठाऊक नसतं.
भिंतीपेक्षा वेगळं तापलेलं काहीतरी
समोरून सरकलं, की एक तार जिवंत होते.
बस.
आणि तुम्ही थांबलात, की विसरतो.

बाबांसाठी आणला होता.
तांडापेठेतलं आमचं घर धोट्यासारखं लांबट,
मागच्या खोलीपासून मोरीपर्यंत बारा पावलं,
मधे मागाचा खड्डा.
माग विकला. खड्डा कोण विकत घेणार,
फळ्या टाकल्या त्यावर.
रात्री दोनदा उठतात बाबा
आणि बटण त्यांना सापडत नाही, कारण चाळीस वर्षं
ते जिथे होतं तिथे आता फ्रिज आहे.

डिसेंबरात लावला.
पहिलं पाऊल, आणि लख्ख.
आधी दचकले. मग खूश. मग अंधार पडायचा अवकाश,
फळ्यांवरून विनाकारण येरझारा.
"ओळखते वो मले हे पोट्टं!"
शेजारच्या निखारेंना दाखवून झालं, मांजरीला दाखवून झालं.
मधेच श्वास धरून उभे राहायचे
तो विसरेपर्यंत.
अंधार झाला की हसायचे,
आणि एक हात हलवला की पुन्हा दिवस.

मग मे. नवतपा लागला.
रात्री बारालाही भिंती चुलीच्या पाठीसारख्या,
नळाचं पाणी असं, की नुसती चहापत्ती टाकावी.
बोळात पारा छत्तीस,
अंगाचाही जवळपास तेवढाच,
आणि त्या छत्तीसशी या डोळ्याचा छत्तीसचा आकडा.
जाग आली तर बाबा फळ्यांवर, अंधारात उभे,
एक हात वर करून हलवताहेत, हलवताहेत.
"काहून वो, मी दिसून नाही रायलो का याले?"

काय सांगणार होते मी?
की यंत्र ठीक आहे,
आज तुमचा आणि भिंतीचा भाव एकच आहे?
सकाळी स्क्रू पिळून पाहिले. ठवकरला फोन केला.
"गर्मीत होते तसं. कूलर लावा त्याले," आणि हसला.

बाबा ऐकत होते.
ताणा आणि बाणा एका रंगाचा असला
तर काठावरची नक्षी कुठे जाते,
हे त्यांना कुणी शिकवायचं?
रात्री माठाखालच्या परातीत पंचा बुडवला,
अर्धाच पिळला,
दुपारच्या दुपट्ट्यासारखा डोक्याला बांधला
आणि ठिबकत निघाले.

तिसऱ्या फळीवर दिवा लागला.

आता उशाशी ओला पंचा असतो.
फळ्यांवरचं पाणी सकाळी मी पुसते, कुरकुरत.

काल तीन वाजता बोळात उजेड.
मोरीचं दार वाजलं नाही.
उजेड गेला, आला. गेला, आला.
जाऊन पाहते तर दोन फळ्या बाजूला सारलेल्या,
खड्ड्यात पाय सोडून बाबा बसलेले,
डोक्यावर ओला पंचा,
उजवा हात दोरी ओढतोय, डावा फणी ठोकतोय,
आवाज काहीच नाही.
थांबले की तो विसरायचा,
म्हणून पुन्हा ओढायचे.

मी हाक मारली नाही.
आज स्टुलावर चढून
दुसरा स्क्रू फिरवला, शेवटपर्यंत.
पाच मिनिटं.
त्यापुढे तो फिरत नाही.