एकशे चार व्होल्ट

पोर्ट आर्थर, टेक्सास. खिडकीपलीकडे
रिफायनरीची ज्योत रात्रभर जळते,
म्हणून माझ्या दुकानात पुरता अंधार कधी होत नाही.
सोल्डरच्या धुराला मी आता धूर म्हणतही नाही.

अर्व्हेला सेमियन आली मंगळवारी,
खांद्याला गिटार, पर्समध्ये एक कॅसेट.
"डुगास, हा आवाज काढून दे."
आवाज तिच्या भावाचा, ओझेलचा.
बहात्तरच्या ऑक्टोबरात कुणीतरी बारमध्ये टेप केलेला.
जानेवारीत तो समुद्रातल्या रिगवर गेला
तो गेलाच.

सुरुवात केली जिथून सगळेच करतात.
तारा जाड, अकरा नंबरी, अर्धा स्वर उतरवलेल्या.
ट्रेबल पाचावर. नको, चारावर.
बास दोनाच्या पुढे नको, आवाज चिखलात बसतो.
गिटारचा व्हॉल्यूम सातावर ठेव, म्हटलं,
दहावर काय, सगळेच शूर.
पिकअप पाव फेरा खाली घेतला:
चुंबकानं तारेला फार जवळ ओढलं
की ती मोकळी थरथरत नाही.
हे सांगताना मी तिच्याकडे पाहिलं नाही.

बुधवारी जुने व्हॉल्व्ह बसवले,
लष्करी मालातले, खोक्यावर अजून कुणाची तरी सही.
गुरुवारी स्पीकर बदलला,
ज्याचा फाटका कागद कुणीतरी
नेलपॉलिशनं सांधलेला.
आवाज जवळ आला.
अगदी दारापर्यंत आला आणि चपला काढेना.

"हा जेवलेला वाटतो," अर्व्हेला म्हणाली.
"ओझेल उपाशी वाजवायचा."

मी टेप पुन्हा लावली. विसाव्यांदा असेल.
दर थोड्या वेळानं एक जागा येते,
तिथे गिटार खचते,
जिना उतरताना एक पायरी कमी निघावी तशी,
मग तपकिरी होऊन, दाटून, वर येते.
मी समजत होतो टेप ताणली गेली आहे.
पण टेप मंदावली असती
तर ड्रमही मंदावला असता,
आणि ती मागे हसणारी बाईसुद्धा.

"बारच्या शेजारी काय होतं?"
तिनं डोळे मिटले. "बर्फाचा कारखाना.
त्याचं यंत्र सुरू झालं की
आमचे दिवे बसायचे.
लोक ओरडायचे, ग्लास उंचवायचे.
आईला वाटायचं, पोरं बिल भरत नाहीत."

एकच तार. एकच मीटर.
पलीकडे पाणी गोठत होतं
आणि इकडे त्याची किंमत
ओझेलचा अ‍ॅम्प मोजत होता.

फळीवरून व्हेरिअ‍ॅक काढला, धूळ फुंकली.
आजकाल भिंतीतून येतात एकशे बावीस.
एकशे पंधरा. काही नाही.
एकशे दहा. कुत्र्यानं मान उचलली.
एकशे चारला
व्हॉल्व्हमधला निखारा जरा मलूल झाला
आणि अर्व्हेलानं नुसती एक तार ओढली,
तिसरी, सातव्या पट्टीवर,
आणि सोडली नाही.

स्वर आधी वाकला. मग थकला.
मग थकल्यावर माणूस खरं बोलतो तसा
बोलू लागला.

मी वाट पाहत होतो की ती
आता त्याची ती ओळ वाजवेल.
नाही वाजवली.
तिचा अंगठा तारेवर तसाच, शांत.
बराच वेळ फक्त अ‍ॅम्पची घरघर
आणि बाहेर ट्रक.
"थोडं वाढव," ती म्हणाली.
"किती?"
"मला वाजवता येईल एवढं."

एकशे अकरावर ती दोन तास बसली.
काय वाजवलं मला सांगता येणार नाही,
त्यात मध्येच चुका होत्या आणि त्या तिच्याच होत्या.

पैसे म्हणून चाळीस डॉलर आणि डझनभर निळे खेकडे,
त्यातल्या एकानं माझं बोट धरलं.

अ‍ॅम्पच्या पाठीवर मी खडूनं आकडा लिहिला होता, १०४.
तिनं थुंकी लावून पुसला नाही,
पण गाडीत चढवताना ती बाजू आत केली.

रात्री घरी जेवण वाढून घेतलं.
फ्रिज सुरू झाला, दिवा किंचित दबला.
मी ताट हातात धरून
तसाच उभा राहिलो.