मांजराचं नाव

ग्रिम्सबीतला पहिला शनिवार.
ट्रेव्हरने हॅडकचं डोकं एका घावात उडवलं
आणि मागे न बघता बादलीत टाकलं.
माझ्या पोटात कालवलं,
मग कालवणच आठवलं.

"ते देता का?" मी विचारलं.
"मांजरासाठी?"
रांगेतल्या चौघांच्या माना वळल्या.
मी देवबागची.
घरात डोकं कुणाच्या ताटात जाणार
यावरून दोन काका वर्षभर बोलत नव्हते.
मी म्हणाले, "हो."

"नाव काय?"
मला तेव्हा फक्त एवढंच सुचत होतं
की डब्यात चिमूटभर तिरफळं उरली आहेत.
"तिरफळ."
"टर्फल," तो म्हणाला,
आणि पिशवीवर काळ्या पेनने तसं लिहिलंही.

इथे भेटल्यावर "नाऊ देन" म्हणतात.
आता मग?
मी थांबून राहायची, पुढे काय म्हणून.
पुढे काही नसतं, तोच नमस्कार.
दोन महिने मी अर्ध्या वाक्यासमोर उभी होते.

आठवडाभर मी समुद्रातल्या पवनचक्क्यांचा हिशेब ठेवते,
कुठली फिरते, कुठली रुसली.
ऑफिसातले सगळे चांगले.
वाढदिवसाच्या कार्डावर सह्या करतात,
शुक्रवारी पाच वाजता
आपापल्या गाड्यांत नाहीसे होतात.

ट्रेव्हर मात्र विचारायचा,
"टर्फल रुळली का?"
"थंडी सोसत नाही तिला."
"बाहेर जाते?"
"खिडकीत बसते."
"मैत्रिणी?"
सुटे पैसे मोजता मोजता मी म्हणाले,
"नाहीत अजून."
त्या दिवशी पिशवीत दोन डोकी जास्त निघाली.

मग एका फेब्रुवारीत लुझविमिंडा.
नर्सच्या निळ्या कपड्यांवर जाड कोट,
रात्रपाळीने सुजलेले डोळे.
"फादर बेनिग्नोचं तयार आहे," ट्रेव्हर म्हणाला.
तिची पिशवी माझ्यापेक्षा जड.
बसस्टॉपवर मी विचारलं,
"तुमचं मांजर केवढं आहे हो?"
तिने माझ्या पिशवीकडे पाहिलं.
मी तिच्या.
"तू चिंच घालतेस की टोमॅटो?"
"कोकम."
आमची बस आमच्या हसण्यासमोरून निघून गेली.

फादर बेनिग्नो तिच्या बेटावरचे पाद्री.
बारसं असो की मयत,
डोकं त्यांच्याच पानात.

तिच्या एका खोलीत, रेडिएटरला गुडघे टेकवून,
तीन वर्षांनी मी कुणासमोर
आवाज करून माशाचा डोळा चोखला.
ती बोलत नव्हती.
काटे असताना बोलू नये
हे तिला तिच्या आईने सांगितलेलं,
मला माझ्या.

नाताळच्या आदल्या दिवशी पिशवीत कागद निघाला,
वास येणारा, ओलसर.
बार्ली, कांदा, मिरी. माझी आजी करायची,
आजोबा बोटीवर असले की.
टर्फलला देऊन बघ.
करून पाहिलं. अगदी आळणी.
दोघींनी त्यात मिरच्या मोडल्या
आणि त्याला सांगितलं,
बशी चाटूनपुसून साफ.

दुकान आता बंद.
तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.
काल फ्रीमन स्ट्रीटवर काठी टेकत भेटला.
"नाऊ देन."
"नाऊ देन," मी म्हणाले, आणि पुढची वाट पाहिली नाही.
"टर्फल?"
"आहे. म्हातारी झाली. जिना चढताना गुडघे धरतात."
"माझेही. गावाची आठवण काढते?"
"पूर्वी रोज काढायची.
आता मासळी चांगली नसली की."
तो बराच वेळ मान हलवत राहिला.
"रविवारी घेऊन ये तिला," म्हणाला,
"फादरलाही.
भांडं मोठं आहे माझ्याकडे."