पेटी क्रमांक एकेचाळीस

पोलिसांची गाडी आली की मी आधी पेट्यांवरचं वाचते.
'खेळणी', लिहिलेलं असतं. 'सुकी अळंबी'.
एकदा तर 'बाळाचे कपडे'.
आत टॉयलेट पेपरात गुंडाळलेली झाडं.
झाडं आपली म्हणायची म्हणून;
कोटाच्या बटणाएवढी, हिरवी, गुळगुळीत, मधोमध एक चीर.
इकडे नामाक्वालँडात आम्ही त्यांना पायाची बोटं म्हणतो:
दगडाखाली कुणीतरी झोपलंय
आणि पांघरूण पुरलेलं नाही.

मोजायचं काम माझं.
माग्रिटा लिंक्स, वय एकसष्ट,
तांब्याची खाण बंद पडेपर्यंत तिथल्या कँटीनमध्ये ताटं मोजली.
आता हे. मेलेली वेगळी, कुजलेली वेगळी,
धुगधुगी असलेली गारगोटीच्या चुऱ्यात, एकेक, चिमट्यानं.
प्रत्येक ट्रेला गुन्ह्याचा नंबर.
कोर्टाच्या लेखी ही झाडं नव्हेत, मुद्देमाल आहे.
मुद्देमालाला मी आठवड्यातून एकदा पाणी घालते, उन्हाळ्यात तेही नाही.
उन्हाळ्यात ती स्वतःचीच जुनी कातडी कागदासारखी पांघरून
आत गप्प बसतात.

पाहुणे विचारतात, परत डोंगरावर का नाही लावत?
कुठल्या डोंगरावर?
यातली एखादी जात अख्ख्या जगात एकाच उतारावर असते,
शेजारच्या टेकडीचं धुकं तिला ओळख देत नाही.
चोर काही पत्ता लिहून ठेवत नाहीत.
माझ्या वहीत एक रकाना आहे, 'मूळ ठिकाण'.
पानामागून पान, अज्ञात, अज्ञात,
पुढे पुढे तर मी नुसती वरच्यासारखीच खूण करते.

एकेचाळीस नंबरची पेटी उतरवून घेताना
पंचनाम्यावर सही करायची होती.
आरोपी दोन: जर्विन लिंक्स.
माझ्या भावाचा.
याच्या बाप्तिस्म्याचा केक मी भाजलेला.
सही केली. सहाशे सात मोजली.
त्या आठवड्यात नव्वद गेली,
आणि मी ज्याच्यासाठी रडले ते नक्की काय होतं
हे मी पाद्रीबाबांनाही सांगितलेलं नाही.

चौदा महिन्यांनी आला. जेवला. दोनदा वाढून घेतलं.
विचारलं, मिळाले किती रे?
म्हणाला, एका पोत्यामागे फ्रिजचा एक हप्ता.
फ्रिज?
तो नेला त्यांनी ओढून.

नियम मोडून मी त्याला ग्रीनहाऊसमध्ये नेलं.
(कुठे आहे ते विचारू नका.)
हात खिशात घालून चालत होता, देवळातून चालावं तसा.
एकेचाळीसपाशी थांबला. उकिडवा बसला.
बराच वेळ काही बोलला नाही.
मग एका गुच्छावर बोट न टेकवता बोट ठेवून म्हणाला,

आत्या, हे उलटं लावलंयस.
हे वाऱ्याकडे पाठ करून बसलेलं होतं.
बाजूला गंजलेली तार होती, खाली सशाची लेंडी,
हे काढताना माझा स्क्रूड्रायव्हर मोडला.
आणि ही तिघं एकाच भेगेतली, तू लांब लांब का ठेवलीस?

वही माझ्या हातात होती. पेन्सिल होती.
रकाना उघडा.
सहाशे सातांचं गाव ज्याला पाठ,
असा एकच माणूस या जगात
आणि त्यानंच ते उठवलेलं.

नाही लिहिलं.
लिहिलेलं चोरीला जातं.
म्हटलं, सांग. हळू सांग. पुन्हा सांग.
आणि तो सांगत गेला, टेकडी, पायवाट, पवनचक्कीचं मोडकं पातं,
मी लहानपणी पाढे म्हणायचे तशी पुटपुटत राहिले
अंधार पडेपर्यंत.

निघताना त्याच्या तळहातावर वाळलेलं एक बोंड ठेवलं,
मोहरीच्या दाण्याहून थोडं मोठं.
त्यावर एक थेंब पाणी.
बघ.
पाणी लागलं तरच उघडतं ते.

तो बघत होता.
अजून उघडलं नव्हतं.