बारा बाय अठरा

भाऊ म्हणतो, तू जन्मभर सतरंज्याच उचलल्यास.
सतरंज्या नव्हेत रे, एकच.
बारा बाय अठरा, निळे-तांबडे पट्टे,
कुपवाडच्या बंद पडलेल्या मिलच्या लिलावातली.
सात जणांनी वर्गणी काढून घेतली.
आठवा देतो म्हणाला होता,
तो अजून देतोच आहे.

एका कोपऱ्याला चहाचा डाग:
झाडूवाल्या बायकांचं महापालिकेसमोरचं धरणं, दिवस नववा.
थकलेला पगार निघाल्याचा निरोप आला
आणि मालन आवळे इतकी हसली की कप कलंडला.
मधोमध पुराचा गाळ.
कितीदा धुतली, पट्ट्यांतून कृष्णा निघत नाही.
त्या वर्षी शाळेच्या वरच्या मजल्यावर
हिच्यावर एकोणीस जणं झोपली,
कोण कुणाच्या उशाला, कुणी विचारलं नाही.
दर सव्वीस नोव्हेंबरला हिच्यावरच बसून
आम्ही उद्देशिका वाचतो.
हुक्केरी सर 'बंधुता'पाशी दरवर्षी खोकतात.
खोकला नसतो तो.

आणि हे भोक.
हे त्या मंगळवारचं.

कुणाच्या तरी मोबाईलवर कुणीतरी काहीतरी ठेवलं.
एवढंच. पुढे दगड.
वाचनालयाच्या ओट्यावर पेटता बोळा पडला, तिथं ही गुंडाळून ठेवलेली.
सतारी करणाऱ्या जैनुद्दीनचाचांच्या दारात
वाळत टाकलेले भोपळे फुटले.
अकरा. त्यांनी मोजले.
अलीकडच्या गल्लीत लोहारांच्या संग्रामचं डोकं फुटलं.
सहा टाके. मीही मोजले,
दवाखान्यात आया आहे, ट्रे माझ्याच हातात होता.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला
दोन गल्ल्यांच्या मधे, बंद पाणपोईसमोर, अंथरली.
फलक नाही. माईकला पोलिसांनी परवानगी दिली नाही,
आणि बोलायचं तरी काय होतं?
बसलो चौघं.
बाकी मिरज कडेनं उभी, पायांत चपला,
पाण्याचा अंदाज घेत काठावर उभं राहावं तशी.
पाऊण तास.
एक कुत्रं येऊन बसलं, ते धरून पाच.

मग मालन आली, कामावरून, खराटा हातातच.
"सरका की जरा. पाय दुखाय लागल्यात."
तिच्यामागून चाचा.
त्यांनी चपला काढल्या, जोडून ठेवल्या,
आणि पिशवीतून एक फुटका भोपळा काढून
मधे ठेवला, भोकाच्या शेजारी.
लोहारांची शेवंता उभ्याउभ्याच बोलली,
"आमच्या पोरानं न्हाई मारला."
"मी कुठं विचारलं? हा वाळायला वर्ष लागतं.
एवढंच सांगायला आणलाय."
बराच वेळ ती त्या भोपळ्याकडे बघत राहिली.
मग बसली,
अर्धी सतरंजीवर, अर्धी डांबरावर.

नऊला उठायचं ठरलं होतं.
उठलो तेव्हा बावीस होतो,
कुत्रं न धरता.

सतरंजीची घडी एकट्यानं होत नाही.
चादर एक वेळ छातीशी धरून जमते,
ही नाही.
पलीकडची टोकं धरायला कुणाला तरी हाक मारणार,
तर ती कुणीतरी आधीच धरलेली.
डोक्याला पट्टी.

झटकली. खडे उडाले.
त्यातला एक जरा मोठा होता,
तो त्यानं पायानं गटारीत सारला,
माझ्याकडे न बघता.
मग आम्ही एकमेकांकडे चालत आलो,
कोपऱ्याला कोपरा लावला.
तिसरी घडी वाकडी बसली.
"असू द्या," तो म्हणाला. "परत कधी टाकायची?"
"शनिवारी. नळाचं पाणी भरून झालं की."

वाचनालयापर्यंत त्यानंच नेली, खांद्यावर.
पायरीशी थांबला, दम लागलेला.
"लई जड हाय की ओ ही."
मी म्हटलं,
"पुराचं पाणी प्यायलीय."