भावे प्रयोग

आठवी ब. सहावा तास. खिडकीखाली सर्जेकोटचं बंदर.
खडूच्या डबीत आज कुर्ली निघाली,
जिवंत, एक नांगी दोऱ्याने बांधलेली.
"बाईनु, ती माजी नाय," यतीन कुबल म्हणाला.
कुणी विचारलंही नव्हतं.

जूनपासून काय काय केलं मी.
बाक गोल मांडले. नाट्यीकरण. शब्दांच्या भेंड्या.
प्रशिक्षणात सांगितलेलं सगळं, चित्रफितीसकट.
घरचे शब्द गोळा करून आणा म्हटलं,
तर लिलावाच्या कट्ट्यावरचे आले.
आल्विनने ते अनुक्रमांकासह मोठ्याने वाचले,
वर्ग हसता हसता बाकांवरून घरंगळला
आणि दारात मुख्याध्यापक.
मी परभणीची. निम्मे शब्द कळलेच नाहीत मला,
चेहरा मात्र कळल्यासारखा लाल झाला.

तर आज: पुस्तकं काढा. पान एकेचाळीस.
"परत पुस्तक?" मागून.
हो, परत पुस्तक.
खाऱ्या हवेने फुगलेलं, कोपरे दुमडलेलं.
रोहिणी टिकमच्या पुस्तकात खुणेला
तांबोशाचा एक वाळका खवला.

यतीन जाळे विणतो: कर्तरी.
यतीनने दोन जाळी विणली: कर्मणी.
फळ्यावर लिहिताना पाठीमागे आवाज नाही,
म्हणून घाबरून वळले.
सगळे उतरवून घेत होते.
यतीन एकेक शब्द बोटाने दाबून धरत होता,
निसटेल म्हणून,
आणि बोटावर पहाटेच्या गरीचा ओला ओरखडा.

भावे प्रयोगात क्रियापद कुणाचंच ऐकत नाही,
कर्त्याचं नाही, कर्माचं नाही.
एकटं उभं असतं, नपुंसकलिंगी, एकवचनी.
पुस्तकातला शिपाई आणि त्याचा चोर
दोघांना पुसून लिहिलं:
बाईंनी मुलांना सांभाळले.

कुणीतरी फिसकलं.
मग यतीनने हात वर केला.
हात. वर. जूनपासून पहिल्यांदा.
"बाईनु, उलटां केलां तरी चलात मां?
मुलांनी बाईंना सांभाळले."

मी वाक्य दोनदा तपासलं.
क्रियापद जागचं हललं नव्हतं.
चालेल, म्हणाले.

घंटा झाली. बंदराच्या दिशेने सगळे धावत सुटले.
डबीत नुसता दोरा उरला होता.
मी पाय वर घेऊन खुर्चीत बसले
आणि हजेरी भरली.